तान्ह्या पोळ्यातला रणगाडा

माझा मोठा भाऊ एकाहत्तरच्या लढाईवरून परतला तेव्हा त्याच्याबरोबर एक काळी लोखंडी पेटी, एक फौजी कांबळं आणि कानांतली कायमची शिट्टी एवढंच सामान होतं. उजव्या कानानं काहीच ऐकू येत नव्हतं, डाव्या कानाशी ओरडून सांगितलं तर थोडंफार. फौजेनं त्याला घरी पाठवलं. आईवडील तोवर गेलेले होते, आमच्या गावचं, कळमेश्वरचं घर दुसऱ्याचं झालं होतं, तेव्हा घरी म्हणजे माझ्याकडे, नागपूरला सदरमधल्या भाड्याच्या दोन खोल्यांत. मी त्या वेळी तिशीतला, बिनलग्नाचा, एका सरकारी कचेरीत धरणांचे नकाशे कापडावर गिरवणारा ट्रेसर होतो.

मला वाटलं, चला, घरात बोलायला कोणी तरी आलं. एकटं राहून राहून मी स्टोव्हशीसुद्धा बोलायला लागलो होतो. पण भाऊ बोलतच नसे. पहाटे उठायचा, कांबळ्याची घडी अशी घालायचा की तिच्या कडेला पट्टी लावून रेघ मारावी, नळाचं पाणी भरायचा, चहा करायचा आणि दारात खुर्ची टाकून बसायचा. संध्याकाळी मी येऊन सायकल भिंतीला टेकवायचो तेव्हाही तो तिथेच. मग मी कचेरीतल्या गोष्टी त्याच्या डाव्या कानाशी ओरडून सांगायचो. तो मान डोलवायचा. शेजारच्यांना मात्र आमच्या कचेरीतलं सगळं राजकारण पाठ झालं होतं.

सुरुवातीला मी समजून घेतलं. मग चिडायला लागलो. माझा स्वभावच तसा, उतू जायला वेळ लागत नाही. एकदा जेवताना वाटी आपटून विचारलं, "तू बोलत काहून नाही गा? मी काय भिताड आहे का?" त्यानं सांडलेलं वरण फडक्यानं पुसलं आणि पुन्हा घास घ्यायला लागला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याच्याशी अबोला धरला. त्याच्या ते लक्षातही आलं नसावं. अबोला धरायचा तर समोरचा बोलणारा लागतो, ही साधी गोष्ट मला तेव्हा कळली. एकटा राहत होतो तेव्हा मी एकटा होतो, एवढंच. भाऊ आल्यावर मला एकटेपणा जाचायला लागला. समोर माणूस बसलेला, आपल्या रक्ताचा, लहानपणी ज्याच्या पाठीवर बसून नदी ओलांडली तो, आणि त्याच्यापर्यंत पोचायला वाट नाही. मला त्याच्याकडून फक्त बोलणं हवं होतं. तिकडे काय झालं ते त्यानं मला सांगावं आणि मग आम्ही पुन्हा भाऊ भाऊ व्हावं, एवढंच माझं मागणं होतं.

कचेरीत मात्र माझ्या भावाला चांगला कंठ फुटला होता. तो रणगाड्यांच्या पलटणीत होता, एवढं खरं मला ठाऊक होतं, तेही त्याच्या कागदांवरून. पुढचं मी रचलं. कोणी विचारलं की मी त्याला तोफेवर बसवायचो. शत्रूचा रणगाडा कसा दिसला, यानं कसा नेम धरला, गोळा सुटल्यावर आत किती धूर होतो, सगळं मी सांगायचो. उचलली जीभ लावली टाळ्याला. आमचे हेड ड्राफ्ट्समन पुण्याहून बदलून आलेले, मोठे सज्जन गृहस्थ. दुपारच्या चहाला ते हमखास म्हणायचे, "सांगा हो, तुमच्या बंधूंचं काहीतरी." आणि मी सांगायचो. ज्या माणसानं मला घरी एक शब्द दिला नाही, त्याच्या तोंडी मी कचेरीत परिच्छेदच्या परिच्छेद घालत होतो.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक अँग्लो-इंडियन कुटुंब राहायचं. घरातला कर्ता पुरुष रेल्वेत गार्ड होता. त्या वर्षी ते सगळे ऑस्ट्रेलियाला निघाले आणि घरातलं सामान त्यांनी ओसरीवर मांडून विकायला काढलं. लोक कपाटं, पलंग, चिनीमातीची भांडी पाहत होते. मला एका कोपऱ्यात एक चपटा पुठ्ठ्याचा डबा दिसला. वर रणगाड्याचं रंगीत चित्र. उघडून पाहिलं तर आत हिरव्या प्लॅस्टिकच्या चौकटी होत्या आणि त्या चौकटींना काड्याकाड्यांनी जोडलेले शंभरेक लहानमोठे भाग. चाकं, दरवाजे, कड्या, तोफेची नळी, बोटाच्या नखाएवढे दिवे. हे सगळं सुटं करून, जोडून, रंगवून वीतभर लांबीचा रणगाडा करायचा. गार्डच्या बायकोनं सांगितलं, मुलासाठी आणला होता, त्यानं हातही लावला नाही. मला एकदम वाटलं, हेच. हा रणगाडा भावासमोर उभा केला तर तो गप्प कसा राहील? काहीतरी चुकलं असेलच माझ्या हातून, आणि चुकलेलं पाहून तरी माणूस बोलतोच.

दर रविवारी दुपारी आणि रोज कचेरीतून आल्यावर तासभर, असं माझं काम सुरू झालं. डब्यातल्या कागदावर भागांची चित्रं आणि आकडे होते. नकाशा वाचणं हा तर माझा धंदाच. पण नकाशा वाचणारा आणि बांधणारा यांत किती अंतर असतं ते पहिल्याच आठवड्यात कळलं. डब्यातली गोंदाची नळी दगड झालेली होती. मी मोटारींच्या गॅरेजमधून बाटलीभर थिनर आणलं, कारण प्लॅस्टिक त्यानं विरघळतं आणि विरघळलं की चिकटतं, असं तिथल्या पेंटरनं सांगितलं होतं. त्यानं चिकटतं हे खरं, पण किती लावायचं ते सांगितलं नाही. पहिलं चाक माझ्या डोळ्यांदेखत बत्ताशासारखं बसलं. नंतर मी नकाशाची जुनी निब थिनरमध्ये बुडवून थेंबाथेंबानं काम करायला शिकलो. बसलेल्या चाकाच्या जागी शर्टाचं जाड बटण लावलं. बाकीची चाकं फिरायला हवी होती, पण ती माझ्या थिनरनं अशी धरली की पुन्हा हलली नाहीत. रणगाडा उभा राहिला, पण एका जागी.

मे महिन्यात मी तो खिडकीत वाळत ठेवून कचेरीत गेलो. नागपूरचं ऊन, खिडकीवर पत्रा. संध्याकाळी पाहतो तर तोफेनं मान टाकलेली. मी कपाळावर हात मारला. भावानं दारातल्या खुर्चीवरून वळून पाहिलं आणि त्याच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. मी गरम पाण्यात नळी धरून, आत पेन्सिल सारून ती सरळ केली. तो शेवटपर्यंत पाहत होता. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं, वाकड्या तोफेसकट.

मग रंगाचं आलं. हिरवा ऑइलपेंट आणला तर रणगाडा न्हाऊन तेल लावल्यासारखा चमकायला लागला. लढाईतली वस्तू अशी चमकत नाही, एवढं मलाही कळत होतं. आम्ही ट्रेसर लोक कापडावर शाई धरावी म्हणून आधी खडूची बारीक भुकटी चोळतो. तीच भुकटी मी रंगात कालवली. चमक गेली, अंगावर कोरडेपणा आला. मी ब्रश हातात धरून भावाजवळ गेलो आणि ओरडलो, "असाच हिरवा होता का गा?"

त्यानं रणगाडा हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. मग म्हणाला, "धुळीत काय रंग दिसते?"

कित्येक आठवड्यांनी त्याच्या तोंडून आलेलं ते पहिलं पुरं वाक्य. मी त्याच संध्याकाळी विटेचा तुकडा खलबत्त्यात कुटला, वस्त्रगाळ केला आणि चाकांवर, पट्ट्यांवर, अंगावर फुंकरीनं धूळ चढवली. घरमालकीण बाई खलबत्त्याचा आवाज ऐकून विचारायला आल्या की आज काय मसाला आहे. मी म्हटलं, रणगाड्याचा. त्या तशाच परत गेल्या.

रणगाड्याच्या पुढच्या बाजूला दोन आकडे, म्हणजे हुक, होते आणि कागदावर तिथे एक दोरी दाखवली होती, बिघडलेली गाडी ओढायला लागते तशी. मी शिवणाचा काळा दोरा बांधून मोकळा झालो. माझं सगळं लक्ष तोफेवर. दुसऱ्या दिवशी आलो तर दोरा कापलेला आणि त्या जागी तांब्याच्या तारा पिळून केलेला सुबक दोर, टोकांना फास, फास आकड्यांत अडकवलेले. विजेच्या जुन्या वायरमधून भावानं एकेक तार ओढून काढली होती. मी कानाशी जाऊन "वा" म्हटलं, आणखी बरंच काही म्हटलं, आणि शेवटी विचारलं की तोफेचं ठीक जमलं आहे का. त्यानं तोफेकडे पाहून नुसती मान हलवली आणि उठून गेला. मला वाटलं, अजून थोडा वेळ लागेल. पण येतोय वाटेवर. तो कुठल्या वाटेनं येत होता ते पाहण्याची अक्कल मला नव्हती.

पावसाळा अर्धा सरला आणि पोळा जवळ आला. आमचे वडील सुतार होते. पोळ्याआधी महिनाभर आमच्या घरात लाकडी बैलांशिवाय काही दिसायचं नाही, कारण आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. खऱ्या बैलांचा सण संपला की पोरांच्या लाकडी बैलांचा. चाकांच्या पाटलीवर, म्हणजे लहान फळीवर, उभे केलेले बैल सजवून पोरं तोरणाखाली जमतात, मग दोरीनं ओढत घरोघर नेतात आणि लोक त्यांच्या हातावर बोजारा ठेवतात, म्हणजे खाऊ किंवा एखादं नाणं. वडिलांच्या हाताखाली भाऊ तयार झाला होता, मी पुस्तकं घेऊन पळालो होतो. तेव्हा त्या दिवसांत भाऊ अंगणात बसून एक पाटली रंधायला लागला, तिला चार चाकं बसवायला लागला, याचं मला नवल वाटलं नाही. घरमालकिणीच्या नातीसाठी असेल, म्हटलं. उलट आनंद झाला की त्याच्या हाताला काम लागलं.

रणगाडा पुरा झाला होता. वीतभर लांब, धुळकट, तोफ सरळ. अँटेना म्हणून खराट्याची बारीक काडी. मी तो टेबलावर ठेवला आणि कचेरीत सांगितलं. किती सांगितलं ते आता आठवलं तरी कानशिलं तापतात. हेड ड्राफ्ट्समन म्हणाले, "मग आम्हाला दाखवणार की नाही? बंधूंनाही भेटता येईल." नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही. तान्ह्या पोळ्याची सुट्टी होती, त्या दुपारी ते यायचे ठरले. तोफेच्या गोष्टींचं काय होईल ही धास्ती होतीच. पण भावाला ऐकू येत नाही आणि तो बोलत नाही, तेव्हा आपली थाप उघडी पडायची नाही, असा हिशेब मी मनात केला. भावाच्या बहिरेपणाचा मला त्या दिवशी आधार वाटला. हे मी केलेलं आहे, तेव्हा लिहून ठेवतो.

भावाला मी साहेब येणार असल्याचं ओरडून सांगितलं होतं. त्यानं मान डोलावली होती. ती तो नेहमीच डोलवायचा. चारच्या सुमारास मी पाहुण्यांना घ्यायला बसच्या थांब्यावर गेलो.

परत येताना आम्ही आमच्या गल्लीजवळच्या चौकात आलो. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, खाली पोरांची ही गर्दी. बैलांच्या पाठीवर झुली, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं. हेड ड्राफ्ट्समन कौतुकानं थांबले, त्यांच्या पुण्यात हा प्रकार नव्हता. आणि त्या बैलांच्या रांगेत, मध्येच, चाकांच्या पाटलीवर माझा रणगाडा उभा होता. कपाळाला कुंकू. बुरुजावर लाल कापडाची झूल. तोफेच्या तोंडाला झेंडूचं फूल. पुढच्या तांब्याच्या दोराला एक लांब सुतळी बांधलेली आणि सुतळीचं टोक माझ्या भावाच्या हातात. लुगड्यांतल्या आयाबाया आणि कमरेएवढी पोरं यांच्यात तो सहा फुटांचा माणूस, इस्त्रीचा फौजी शर्ट घालून. तो हसत होता. परत आल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. पोरं मागून पाटली ढकलत होती आणि तो वाकून त्यांना दोन्ही हातांनी सांगत होता की हळू, सांभाळून.

"अहो, हा तर रणगाडा दिसतोय," हेड ड्राफ्ट्समन म्हणाले. "हाच का तुमचा?"

मी म्हणालो, "छे. माझा घरी आहे. हे आपलं पुठ्ठ्याबिठ्ठ्याचं केलेलं असेल."

"आणि हे गृहस्थ? मुलांत अगदी रमलेत."

भावानं मला त्याच वेळी पाहिलं. त्यानं सुतळी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात वर केला, ये म्हणून.

"असेल मोहल्ल्यातला कोणी," मी म्हणालो. "डोक्यानं जरा कमी दिसतो."

आणि मी पाहुण्यांच्या कोपराला धरून पुढे चालायला लागलो. घरापाशी आल्यावर दाराला कुलूप. किल्ली माझ्या खिशात होती. मी खिसे चाचपल्याचं नाटक केलं, किल्ली भाऊ घेऊन गेला असं सांगितलं आणि त्यांना सदरच्या एका हॉटेलात नेऊन चहा, भजी खाऊ घातली. ते बिचारे म्हणाले, पुन्हा कधीतरी येऊ. त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. त्यांना कळलं होतं की काय, हे मला आजतागायत माहीत नाही.

घरी परतलो तेव्हा उजेड होता अजून. भाऊ दारातल्या खुर्चीवर नव्हता, आत टेबलापाशी बसला होता. त्याच्याजवळची दुसरी किल्ली टेबलावर होती, शेजारी कुंकू लावलेला रणगाडा आणि रुमालावर मांडलेला बोजारा. चिवडा, खारका, दोन केळी, एक करंजी. करंजीचे त्यानं दोन तुकडे केले होते आणि मोठा तुकडा माझ्या बाजूला ठेवला होता.

मी बसलो. आणि भाऊ बोलायला लागला.

"तिकडं बी माहं हेच काम होतं," तो म्हणाला. बहिऱ्या माणसाचा आवाज, लहानमोठा होणारा. "टँक बिघडला, चिखलात फसला, की आमी जाचो. केबल लावाची आन् ओढून मांगं आणाचा. तोफ मी कदी चालवली नाही गा. मले येत बी नाही."

तोच सांगत राहिला.

"कदी आतमंदी मानसं राहत. जित्ते बी राहत, मेले बी. दार उघडाचं काम आमचं नोहतं. आमी फक्त ओढाचो. आठ आठ मैल ओढाचो. मांगं पाहाचं नाही, असा हुकूम होता." त्यानं तांब्याच्या दोरावरून बोट फिरवलं. "इतकं सोपं ओढणं आज पहिल्यांदा भेटलं. पोरं मांगून ढकलून राहिले होते. मी मांगं पाहून पाहून ओढला."

एवढं सगळं तो एका दमात बोलला. ज्यासाठी मी तीन महिने थिनरच्या वासात बसलो होतो ते माझ्यासमोर आलं होतं, आणि मला मान वर करवत नव्हती.

मग त्यानं विचारलं, "तू सायबासंगं जाऊन राहिला होता ना? मी हात केला."

"मी पाहिलं नाही," मी म्हणालो. तोंडातल्या तोंडात म्हणालो, ओरडलो नाही. तरी त्याला कळलं.

"मले ऐकू येत नाही," तो म्हणाला. "पण तू काय बोलला ते मले दिसलं."

इथे मी माफी मागायला हवी होती. त्याच्या पायांवर हात ठेवायला हवा होता. एवढी संधी कोणाला मिळते? मी काय केलं, तर चिडलो. चोराच्या उलट्या बोंबा. उठून उभा राहिलो आणि त्याच्या कानाशी नाही, त्याच्या तोंडावर ओरडलो, "तमाशा कराची काय गरज होती तुले? तीन महिने मेहनत केली मी. लोकं येणार होते पाहाले. आन् तू त्याले बैल करून रस्त्यावर फिरवला." आणखीही बोललो. शेजारच्यांनी ऐकलं असणारच.

तो माझ्या ओठांकडे पाहत राहिला, मी थांबेपर्यंत. मग "बरं" म्हणाला. करंजीचा आपला तुकडा खाल्ला, रुमाल झटकला, घडी केली. माझा तुकडा तसाच टेबलावर राहिला. मी रागानं खाल्ला नाही, मग लाजेनं खाल्ला नाही.

त्यानंतर त्या घरात तो पुन्हा बोलला नाही. मान डोलवायचा, चहा करायचा, कांबळ्याची घडी घालायचा. रागावलेला दिसत नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं, रागाशी कसं वागायचं ते मला येतं. दिवाळीच्या आत त्यानं कामठीला छावणीजवळ एका ठेकेदाराकडे सुतारकाम धरलं. तिथेच खोली मिळाली. जाताना त्यानं लोखंडी पेटी खांद्यावर घेतली आणि मला दारातच थांबवलं, बसपर्यंत येऊ दिलं नाही. रणगाडा त्यानं नेला नाही. मी एकदा ओल्या फडक्यानं त्याच्यावरचं कुंकू पुसायला गेलो तर खडूच्या भुकटीचा रंग कुंकवासकट निघून आला आणि पुढच्या बाजूला एक तांबूस डाग कायमचा बसला. पुढे बदलीच्या सामानात तो कुठे गेला, ठाऊक नाही.

घर पुन्हा माझं एकट्याचं झालं. कचेरीत मी भावाच्या गोष्टी सांगणं बंद केलं. संध्याकाळी सायकल टेकवताना दाराकडे पाहायची सवय मात्र लवकर गेली नाही. रिकाम्या दाराचा मला राग यायचा आणि मग तो राग कोणावर काढावा ते कळायचं नाही. स्टोव्हशी बोलणंही जमेना. त्याच्याशी बोलायचं म्हटलं तरी काहीतरी खरं सांगावं लागलं असतं.

महिना दीड महिना मी स्वतःला समजावत होतो की जाऊन काय करणार, तो थोडाच बोलणार आहे. शेवटी एका रविवारी सकाळी कामठीची बस धरली. माफी मागायचं ठरवून गेलो होतो. वाटेत वाक्यंही जुळवली होती, छोटी छोटी, ओठांवरून सहज वाचता यावीत अशी.

तो खोलीवर नव्हता. शेजारच्यांनी सांगितलं, नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर असेल. टपरीवर विणकरांची, शिपायांची गर्दी होती. बाकाच्या टोकाला तो एकटाच बसला होता, हातात पेला. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यानं वर पाहिलं. मी जुळवलेली वाक्यं तोंडात गोळा करत होतो. टपरीवाला आमच्याकडे पाहत होता. त्याला कुतूहल वाटलं असावं, कारण या माणसाकडे कोणी कधी येत नसे. त्यानं भावाच्या खांद्याला हात लावला आणि बोटानं माझ्याकडे दाखवून, ओठ मोठे मोठे हलवत विचारलं, "हे कोण आहेत गा?"

भाऊ उठला. त्यानं पेला बाकावर ठेवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि बहिऱ्या माणसांना असते तशा मोठ्या आवाजात, सगळ्या टपरीला ऐकू जाईल असा, म्हणाला, "माहा भाऊ आहे. लहाना. नागपूरले सरकारी हापिसात धरणाचे नकाशे काढते."

लोक वळून माझ्याकडे पाहायला लागले. कोणीतरी बाकावर सरकून मला जागा करून दिली. भावानं आणखी एक चहा सांगितला, आणि तो येईपर्यंत त्याचा हात माझ्या पाठीवरच होता.